डोंगर लग्नाआधी की लग्नानंतर?

कुटुंबासह निसर्गरम्य रस्त्याने मोटारीने लग्नाला जायचे आणि त्याच प्रवासात एक डोंगरही चढायचा असे ठरले, की तो आधी चढावा की नंतर, हा प्रश्न उभा राहतोच.

आधी चढण्यात मंडळी ताजीतवानी असतात, हा फायदा खरा आहे. मात्र उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांच्यावर भार पडतो आणि त्यातून येणारे दुखणे लगेच नव्हे, तर साधारणपणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. म्हणजे शुक्रवारी डोंगर उतरलेला माणूस रविवारी लग्नात कठडा धरून, आडवे पाऊल टाकत पायऱ्या उतरतो. टाचेला आलेला फोड नव्या बुटात तर असह्य होतो. शिवाय वेळेचा अंदाज हमखास चुकतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ सालच्या ठोकताळ्यानुसार ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढामागे एक तास जास्तीचा धरावा लागतो. त्यामुळे १० किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ यांना तीन तास लागतात, आणि त्यात विश्रांती किंवा मुलांची रेंगाळणी मोजलेली नाही.

नंतर चढताना घड्याळाचा धाक नसतो, म्हणून मी हाच पर्याय निवडेन. फक्त जागरणानंतर पहाटेच गाडी हाकणे धोक्याचे असल्याने मध्ये एक रात्र पुरेशी झोप घ्यावी. आधीच चालण्याची हौस असेल, तर तळ्याकाठची सपाट पायवाट पुरे.