अपडेटनंतर गेलेलं वायफाय आणि नसलेला लॅन पोर्ट : वर्षभराच्या वापरानंतर

स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड यांवर भरपूर लिहून झालंय आणि तिन्ही चांगले आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते या लॅपटॉपला लॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायची जागा, नाही याबद्दल.

मी डॉसवालं, म्हणजे विंडोज नसलेलं, मॉडेल घेतलं. विंडोजचे पैसे वाचले, त्यावर लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. माझं काम जीएसटीचं. ब्राउझर आणि स्प्रेडशीट एवढ्यात भागतं. पहिले काही महिने एकही तक्रार नव्हती. तेव्हा कुणी विचारलं असतं तर बिनधास्त घ्या म्हटलं असतं.

मग एका महिन्याच्या १९ तारखेला रात्री अपडेट झालं, रीस्टार्ट केलं आणि वायफायचं चिन्हच गायब. सेटिंगमध्ये ‘नो वायफाय अडॅप्टर फाउंड’. ज्यांना दर महिन्याला जीएसटीआर-३बी हा रिटर्न भरावा लागतो त्यांना २० ही शेवटची तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. राउटर टेबलावर, लॅनची वायर ड्रॉवरमध्ये, आणि ती लावायला जागा नाही! माझ्या जुन्या जाडजूड लॅपटॉपला होती. ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, अशा वेळी तो एक पोर्ट किती मोलाचा असतो हे लॅपटॉप बारीक करणाऱ्यांना कळत कसं नाही? थोडी जाडी कमी झाल्याने माझं एकही काम सोपं झालेलं नाही.

त्या रात्री फोनने तारलं. फोन घरच्या वायफायवरच ठेवायचा, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लॅपटॉपला ते वायरचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. रिटर्न वेळेत गेले.

लॅपटॉप वॉरंटीत होता, म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, “मॅडम, लिनक्स टाकलंय ना, मग वॉरंटीत बसत नाही. वायफाय बोर्डावरच असतं, मदरबोर्ड बदलावा लागेल.” सांगितलेला आकडा लॅपटॉपच्या निम्म्या किमतीला भिडत होता. सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडलं की वायफाय चालतं, हे मी त्याला तिथेच करून दाखवलं. बोर्ड गेला असेल तर हे कसं चालतंय? “ते आम्हाला माहीत नाही.” बरं, मग ‘बोर्ड खराब’ असं जॉबशीटवर लिहून द्या म्हटलं, तर तेही लिहीना. मी लॅपटॉप उचलून घरी आले. न तपासता लोकांना मदरबोर्डाचा खर्च सांगणं ही सरळसरळ लूट आहे.

खरं कारण असं : माझ्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये नव्हता, बाहेरून टाकलेला होता. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो. डीकेएमएस नावाचं साधन हे काम आपोआप करतं, पण त्यासाठी लागणाऱ्या त्या कर्नलच्या हेडर फाइल नसतील किंवा कर्नलच्या आत काही बदललं असेल तर ते अडतं. सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) ही कमांड चालवून बघा. कार्डाचं नाव दिसतंय, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही, तर बहुतेक कार्ड ठीक आहे, घोटाळा ड्रायव्हरचा आहे. पैसे मोजण्याआधी एवढं नक्की करा.

हेडर टाकल्यावर वायफाय आलं. पुढच्या मोठ्या कर्नलला पुन्हा गेलं, आणि मग मी मागचं झाकण उघडलं. वायफायचं कार्ड चक्क वेगळं! एम.२ २२३० मापाचं, एका स्क्रूवर बसवलेलं, अँटेनाच्या दोन वायरी जोडलेल्या. इंटेलचं एएक्स२१० मागवलं, दोन हजारांच्या आत आलं. नावाला जवळचं असलेलं एएक्स२११ मात्र घेऊ नका. ते इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरबरोबर चालतं आणि माझा प्रोसेसर एएमडीचा आहे. काही लॅपटॉपचा बायोस (सुरू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) दुसरं कार्ड स्वीकारत नाही, तेही आधी बघून घ्या. अँटेनाची टोकं फार नाजूक असतात, सरळ बसल्याची खात्री झाल्यावरच दाबा. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळे तेव्हापासून कितीही अपडेट आले तरी वायफाय जागेवर आहे, आणि वरच्या खोलीतही रेंज येते, जी आधी येत नव्हती.

एवढं झाल्यावर लॅपटॉपबद्दलचं मत पुन्हा बरं झालंय. तरी पाचपैकी तीनच तारे. लॅनसाठी यूएसबी अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागला, तो खर्च मी या लॅपटॉपच्याच किमतीत धरते. मोठे यूएसबी पोर्ट दोनच. एकात प्रिंटर, दुसऱ्यात हा अडॅप्टर, आणि क्लायंटने पेन ड्राइव्ह आणला की काहीतरी काढावंच लागतं.