तिसऱ्या घंटेनंतर फुजीफिल्म एक्स-टी३

फुजीफिल्मचा एक्स-टी३ हा कॅमेरा आला २०१८ साली. त्याचे २६ मेगापिक्सेल, त्याचे रंग, त्याचा व्हिडिओ यावर तेव्हाच इतकं लिहून-बोलून झालंय की त्यात मी भर घालायची गरज नाही. मी नाटकांचे फोटो काढते, बहुतेक पुण्यात. एकांकिका स्पर्धा, प्रायोगिक मंडळींचे प्रयोग, अधूनमधून एखाद्या व्यावसायिक नाटकाची रंगीत तालीम. या कामात कॅमेरा बरा की वाईट हे तिसरी घंटा झाल्यावर कळतं. प्रेक्षागृहात अंधार, शेजारी तिकीट काढून आलेला माणूस, आणि स्क्रीन पेटली की मागच्या रांगेतून ‘अहो, ते बंद करा’. अशा वेळी बोटांना काय सापडतं आणि काय नाही, एवढंच इथे लिहिणार आहे. कॅमेरा सेकंडहँड घेतला. त्याआधी बरीच वर्षं निकॉनचा डी७२०० वापरला आणि तो अजून विकलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी वरून बघू. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) डावीकडे आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेची डायल, उजवीकडे शटर स्पीडची, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहायचं त्याची, तिच्या पलीकडे कोपऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची. अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवर. तिने लेन्सचं भोक किती उघडायचं ते ठरतं. पी, ए, एस, एम असली मोड डायल नाहीच. शटरची डायल ‘ए’वर आणि अ‍ॅपर्चर ‘ए’वर ठेवलं की पूर्ण ऑटो, दोन्हींतलं एकच आपण ठरवलं की अर्धा मॅन्युअल, दोन्ही ठरवले की मॅन्युअल. ज्यांनी फिल्मचा कॅमेरा वापरलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोबाइलवरून थेट इथे आलेल्या माझ्या भाच्यालाही पाचेक मिनिटांत जमलं, कारण तीन आकडे तीन ठिकाणी डोळ्यांसमोर असतात आणि कोणता कशाने बदलतो ते शोधावं लागत नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॅमेरा बंद असतानाही तो कशावर लावलाय ते दिसतं. प्रयोगाआधी विंगेत उभं राहून चहा पिता पिता मी डायली लावून घेते: शटर १/२५०, आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर एफ/२.८. बॅटरी न जाळता. पडदा उघडल्यावर नुसतं बटण ऑन करायचं. डी७२०० ला वरती छोटा एलसीडी आहे, तोही कामाचाच, पण आकडे वाचायला कॅमेरा जागा करावा लागतो.

आयएसओ आणि शटरच्या डायलींच्या मध्यभागी लॉकचं बटण आहे. एकदा दाबलं की डायल अडकते, पुन्हा दाबलं की सुटते. एक्स-टी१ वर आयएसओची डायल फिरवताना ते बटण दाबून धरावं लागायचं. एक्स-टी२ पासून कंपनीने ते सुधारलं, बरं केलं. मी शटरला लॉक लावते, आयएसओ मोकळी ठेवते. कोपऱ्यातल्या कॉम्पेन्सेशनच्या डायलला मात्र लॉक नाही. ती बऱ्यापैकी घट्ट आहे, तरी बॅगेतून काढल्यावर एकदा शून्यावर आहे ना ते बघायची सवय लावून घ्या.

आता अंधाराची गोष्ट. डायलींवर आकडे कोरलेत, पण त्यांना उजेड नाही. प्रेक्षागृहातले दिवे गेले की ‘बंद कॅमेऱ्यावरही दिसतं’ हे कौतुक तिथेच संपतं. तिथून पुढे खरी सोबत करते ती लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग. माझं बरंचसं काम ५०-१४० एफ/२.८ या झूम लेन्सवर चालतं. तिची रिंग उघड्या बाजूला फिरवत नेली की एफ/२.८ ला टक्कन थांबते. पुढे जागाच नाही. एक तृतीयांश स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) एक टिचकी, म्हणजे तीन टिचक्या मागे आलं की एफ/४. डोळा प्रसंगावर, डावा हात लेन्सखाली जिथे तसाही असतोच, आणि बोटांनी मोजायचं. हे सुख मला निकॉनवर मिळालं नव्हतं. तिथे अ‍ॅपर्चर पुढच्या डायलवर, आणि ती डायल गोल गोल फिरतच राहते. कुठवर आलो हे बघितल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या टोकाला एफ/२२ च्या पुढे लगेच ‘ए’ आहे आणि या लेन्सवर त्याला अडसर नाही, पण नाटकात एफ/२२ कडे जातंय कोण!

लेन्स घेताना एक लक्षात ठेवा. १८-५५ वर रिंग आहे पण आकडे नाहीत, कारण झूमबरोबर तिचं अ‍ॅपर्चर बदलतं. तिथे ऑटो-मॅन्युअलसाठी वेगळं छोटं स्विच दिलंय. एक्ससी मालिकेतल्या स्वस्त झूमवर रिंगच नाही, अ‍ॅपर्चर पुढच्या कमांड डायलवर (बोटाखालच्या, आकडे नसलेल्या चाकावर) जातं. ती लेन्स लावून हा कॅमेरा वापरणं म्हणजे पेटी आणून भात्याशिवाय वाजवणं.

डायलींच्या खाली दोन खटके आहेत. आयएसओखाली ड्राइव्हचा, म्हणजे एक फोटो, सलग फोटो, ब्रॅकेटिंग, पॅनोरमा आणि व्हिडिओसुद्धा तिथेच. शटरखाली मीटरिंगचा, म्हणजे प्रकाश चित्राच्या कुठल्या भागावरून मोजायचा त्याचा. कल्पना छान आहे, एकाच जागेत दोन कामं. पण अंधारात आयएसओ फिरवताना खालच्या खटक्यालाही बोट लागतं आणि तो सरकतो. मग सिंगलवर असलेला कॅमेरा सलग फोटो काढायला लागतो. मी आयएसओ वरच्या काठाला, दोन बोटांच्या टोकांनी धरून फिरवते. मीटरिंगचा खटका मात्र मला हवाहवासा वाटतो. मागे काळा पडदा आणि पुढे एका माणसावर स्पॉट, असं दृश्य असलं की पूर्ण चित्र मोजणाऱ्या मल्टी मीटरिंगला तो सगळा काळोख खरा वाटतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. तेव्हा एक खटका मारला की स्पॉट मीटरिंग, म्हणजे मोजणी फक्त छोट्या भागाची. पुढच्या एक्स-टी४ वर त्या जागी फोटो आणि व्हिडिओचा खटका आला. व्हिडिओवाल्यांची सोय झाली, माझी गेली.

आणि आता तक्रार, खरं तर या कॅमेऱ्याच्या मूळ कल्पनेबद्दलचीच. डायलवर लिहिलेलं दर वेळी खरं नसतं. शटरच्या डायलवर पूर्ण स्टॉपचेच आकडे आहेत: ६०, १२५, २५०. मधले वेग हवे असतील तर मागची कमांड डायल फिरवायची. म्हणजे वर १२५ दिसतंय आणि कॅमेरा १/१६० वर. डायल ‘टी’वर ठेवली तर सगळेच वेग कमांड डायलवर येतात आणि वरची डायल नुसती शोभेला उरते. कॉम्पेन्सेशन ‘सी’वर ठेवलं की तेही पुढच्या कमांड डायलवर जातं, आणि आवाका तीनवरून पाच स्टॉपवर जातो. आयएसओ ‘ए’वर ठेवलं तर ऑटोचे तीन संच आहेत, पण त्यातला कोणता चालू आहे हे डायल सांगत नाही. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही हाताने लावले असतील तर कॉम्पेन्सेशनची डायल कितीही फिरवा, फोटोवर ढिम्म फरक पडत नाही. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. थोडक्यात, एकाच कॅमेऱ्यात दोन व्यवस्था नांदतात, डायलींची आणि कमांड डायलींची, आणि कोणती चालू आहे हे आपणच लक्षात ठेवायचं.

मी यातून वाट काढली ती अशी. शटर डायलवरच, १/१२५ किंवा १/२५०, मधले वेग नकोत. अ‍ॅपर्चर रिंगवर. कॉम्पेन्सेशन कायम ‘सी’वर, कारण प्रयोग चालू असताना उजव्या अंगठ्याने कोपऱ्यातली डायल फिरवली की पकड सुटते, आणि पुढची कमांड डायल तर्जनीखालीच आहे. आयएसओ ‘ए’वर, कमाल ६४०० असा एक संच. प्रकाशयोजना सारखी बदलणारी असेल तर हे असंच चालू देते. एकच स्थिर प्रकाश असेल तर आयएसओही डायलवर बांधून टाकते. म्हणजे ज्या डायलींसाठी हा कॅमेरा घेतला, त्यातल्या निम्म्या मी वापरतच नाही. तरी घेतल्याचं वाईट वाटत नाही.

डी७२०० का ठेवलाय? त्याच्या मोड डायलवरच्या ‘यू१’ आणि ‘यू२’साठी. तिथे शटर, अ‍ॅपर्चर, मीटरिंग, फोकसची पद्धत, सगळं साठवता येतं आणि एका टिचकीत परत मिळतं. ‘यू१’ म्हणजे प्रयोग, ‘यू२’ म्हणजे प्रयोगानंतर रंगमंचावरचा ग्रुप फोटो. फुजीतही कस्टम संच सात आहेत, पण त्यात साठते ती चित्राची प्रक्रिया: फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मसारखे रंग), डायनॅमिक रेंज, शार्पनेस वगैरे. शटरचा आकडा संचातून बदलला तर डायल काय दाखवणार? खऱ्या डायली ठेवल्या की ही किंमत मोजावीच लागते, हे मला पटतं. तरी पडदा पडल्यावर सगळे कलाकार उभे राहून ‘ताई, लवकर’ म्हणत असतात, तेव्हा तीन डायली फिरवताना निकॉनची आठवण येतेच. शिवाय डी७२०० चा मेन्यू मराठीत लावता येतो. मी लावत नाही, पण आमच्या संस्थेत नव्याने फोटो काढायला लागलेल्या काकांना त्याने बरंच सोपं गेलं.

आवाजाच्या बाबतीत मात्र निकॉन इथे कामाचा नाही. त्याचा ‘क्यू’ मोड लावला तरी आरसा वाजतो, आणि दोन संवादांमधल्या शांततेत तो तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. एक्स-टी३ चं इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मुकं आहे. पण रंगमंचावर एलईडी दिवे असले की त्याच शटरने चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात, कारण ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि दिवा मधल्या मधे लुकलुकत असतो. म्हणून मी लेन्सशेजारच्या पुढच्या एफएन बटणावर ‘शटर टाइप’ लावून ठेवलाय. हॅलोजनच्या पिवळ्या प्रवेशात इलेक्ट्रॉनिक, एलईडीच्या निळ्या-जांभळ्यात मेकॅनिकल. मधल्या बोटाने बटण, व्ह्यूफाइंडरमध्येच यादी येते, निवडायचं. या एका बटणाने माझी जितकी कामं सोपी केलीत तितकी कुठल्याच डायलने नाही. कोणत्या बटणावर काय आहे हे विसरलात तर मागचं ‘डिस्प/बॅक’ दाबून धरा, सगळी यादी समोर येते आणि तिथेच बदलताही येते.

व्ह्यूफाइंडरबद्दल थोडं. त्याच्या उजव्या बाजूला ‘व्ह्यू मोड’चं बटण आहे. त्यातला ‘फक्त व्ह्यूफाइंडर, तोही डोळा लावल्यावर’ हा पर्याय नाटकवाल्यांसाठीच केल्यासारखा आहे. मागची स्क्रीन पेटतच नाही, मेन्यू आणि काढलेले फोटोसुद्धा आत दिसतात. टचस्क्रीन बंद करून टाका, विशेषतः डावा डोळा लावत असाल तर, नाहीतर नाक फोकस ठरवतं. चष्म्याच्या नंबराची छोटी डायल बाहेर ओढून फिरवायची आणि परत आत दाबायची, म्हणजे बॅगेत घासून फिरत नाही. इतकी छोटी गोष्ट, पण चाळिशी ओलांडलेल्यांनाच तिची किंमत कळेल. फोकस बिंदू हलवायला अंगठ्याखाली जॉयस्टिक आहे, मस्त आहे, पुढे काही सांगायची गरज नाही.

मेन्यू लांबलचक आहे, सगळ्यांचेच असतात. ‘क्यू’ बटणावर सोळा गोष्टींची पाटी येते. तेच बटण दाबून धरलं की पाटी आपल्या मनासारखी मांडता येते. ‘माय मेन्यू’त आणखी सोळा. एवढं नीट लावलं की मूळ मेन्यूत जायची वेळ क्वचित येते. कार्ड फॉरमॅट करायचं असेल तर मेन्यू खोदत बसू नका: डिलीटचं बटण दाबून धरा आणि मागची कमांड डायल आत दाबा.

बॅटरी कंपनीच्या मोजणीने ३९० फोटोंची. डी७२०० ची १,११० होती. दोन अंकी नाटकाला खिशात दुसरी बॅटरी लागते. पकड लहान आहे, आणि ५०-१४० जवळजवळ एक किलोची, म्हणून वजन लेन्सखालच्या हातावरच घ्यायचं. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय नाही. ही लेन्स स्वतः सांभाळून घेते, ३५ किंवा ५६ सारख्या प्राइमवर (झूम नसलेल्या लेन्सवर) शटर जपून वापरा.

सेकंडहँड बघायला जाल तर दोन्ही लॉक बटणं दाबून-सोडून बघा, टिचकी स्पष्ट लागली पाहिजे. पुढची-मागची कमांड डायल एकेक टिचकी सावकाश फिरवा आणि स्क्रीनवरचा आकडा मधली पायरी गाळत नाही ना ते बघा. कॉम्पेन्सेशनची डायल ढिली वाटली तर भाव कमी करायला सांगा. ती तशीही ‘सी’वरच राहणार आहे, पण हे दुकानदाराला सांगू नका.