कर्नाटकाची अन्नभाग्य रेशन सेवा (बेळगाव, खानापूर, निपाणी): तांदूळ बरा, नकार मात्र तोंडी

तांदळापासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक तक्रारी तिथेच अडकतात आणि त्यातल्या निम्म्या टिकत नाहीत. कणी जास्त आली म्हणून भांडण होतं, पण सरकारी खरेदीच्या निकषात साध्या तांदळात 25 टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आलेला आहे. पाण्यावर तरंगणारे, जरा वेगळ्या रंगाचे दाणे 'प्लास्टिक' म्हणून निवडून फेकले जातात. ते पोषणमिश्रित दाणे आहेत. 100 किलोत साधारण 1 किलो मिसळतात आणि त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-12 असतं. फेकू नका. कुबट वास, जाळी किंवा किडे असतील तर मात्र पोतं बदलून मागा, तेही दुकानातच, घरी नेल्यावर नव्हे.

आता हिशेब. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार बीपीएल कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डावर घरटी 35 किलो. 2023 च्या जानेवारीपासून केंद्राचा वाटा फुकट आहे. कर्नाटकाने त्याच वर्षी आणखी 5 किलोचं आश्वासन दिलं. तांदूळ मिळेना म्हणून आधी किलोला 34 रुपये, म्हणजे माणशी 170 रुपये खात्यात टाकले, आणि 2025 च्या फेब्रुवारीपासून त्या जागी तांदूळ देणं ठरलं. केंद्राचा वाटा कायद्याचा आहे, राज्याचा वाटा धोरणाचा. राज्याचा वाटा बदलला तर आरडाओरड करता येते, केंद्राचा अडला तर भरपाई मागता येते. दुकानदाराशी बोलताना हे दोन्ही एकत्र करू नका.

बरीच मंडळी रेशनला सरकारची मेहेरबानी समजतात, आणि या सेवेची खरी कमतरता तिथूनच सुरू होते. भारताने 1979 मध्ये मान्य केलेल्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातलं कलम 11 पुरेसं अन्न हा हक्क मानतं. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने 2001 मध्ये गरिबीची व्याख्या करताना नुसती मिळकत पाहिली नाही. साधनं, क्षमता, निवड, सुरक्षितता आणि सत्ता यांपासून दीर्घकाळ वंचित राहणं, असं तिने म्हटलं. त्याच वर्षी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रेशन आणि शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाबद्दल आदेश द्यायला सुरुवात केली. म्हणून या सेवेचं माप तांदळाच्या पोत्याने घेऊन भागत नाही. 'नाही' कसं म्हणतात, ते पाहायचं.

आणि आमच्याकडे 'नाही' तोंडी म्हणतात. "सर्व्हर नाही", "अंगठा लागत नाही", "कार्ड बंद झालंय, नाडकचेरीला जा". (नाडकचेरी म्हणजे गावाजवळचं महसुली कार्यालय.) कागद कुणी देत नाही. कागदाशिवाय भरपाई नाही, अपील नाही.

अंगठ्याचं, म्हणजे दुकानातल्या यंत्रावर आधारचा ठसा न जुळण्याचं कारण सगळ्यात जास्त चालतं. निपाणीकडच्या बिडी कामगार बायका, ऊसतोडीला जाणारी माणसं, गवंडी यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारपणात त्या आपोआपच पुसट होतात. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून पाहा, मग आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी मागा. तरी जमलं नाही तर केंद्राचं 24 ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक सांगा: आधारची ओळख पटली नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही, दुसरा ओळख पुरावा घेऊन नोंदवहीत नोंद करून द्यायचं. नोंदवही नाही म्हणाले तर दिनांक, वेळ आणि यंत्रावरचा संदेश मोबाईलवर टिपून घ्या. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच जातात, तिथे महिनाअखेरची वाट न पाहणं शहाणपणाचं.

सीमाभागाची खास अडचण सुनांची. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डात असतं. आधार क्रमांक तिथे जोडलेला, म्हणून इथली प्रणाली अर्ज परत फिरवते. आधी माहेरच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मगच इथे अर्ज करा. उलट केलं तर दोन्हीकडून राहतं. नावाचं स्पेलिंगही बघा. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना आडनाव बदलतं आणि आधारशी जुळत नाही. बदल आधी आधारमध्ये, मग कार्डात.

कामासाठी कोल्हापूर-पुण्याला गेलेल्यांना तिथल्या दुकानात 'एक देश एक रेशन कार्ड'खाली धान्य मिळतं, पण केंद्राच्या वाट्याएवढंच. कर्नाटकाचा जास्तीचा वाटा सीमेपलीकडे चालत नाही.

कार्ड रद्द होण्याचं प्रकरण वेगळं. 2024 च्या शेवटी अपात्र म्हणून कार्डं बंद झाली आणि ओरड झाल्यावर सरकारला मागे यावं लागलं. उत्पन्न वर्षाला 1.20 लाखाच्या आत, चारचाकी नाही, आयकर नाही, अशा अटी आहेत. तुम्ही त्यात बसत असाल तर रद्द करण्याचं लेखी कारण मागा. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता हक्क काढून घेणं न्यायाला धरून नाही.

अर्ज मराठीत चालतो का? संविधानाचं कलम 350 सांगतं, राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. 'कन्नडात आणा' म्हणून कुणी परत पाठवलं तर हे कलम अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होतं, हेही खरं.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सकाल योजनेत (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची कर्नाटकाची योजना) येणारी सेवा असेल तर पोचपावतीवर क्रमांक असतो आणि उशिराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये मिळू शकतात. धान्यच मिळालं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 नुसार भत्ता मागा. त्यासाठी त्या महिन्यात दुकानात मागणी केली होती हे दाखवावं लागतं. पहिली तक्रार 1967 या मदत क्रमांकावर, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, त्याच्या निकालाने समाधान झालं नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील. अधिकाऱ्याने सुचवलेली दाद देण्यात कसूर करणाऱ्याला आयोग 5000 रुपयांपर्यंत दंड करू शकतो. बीपीएल कार्डधारकाला माहिती अधिकाराच्या अर्जाला शुल्क नाही, म्हणून 'माझा अर्ज कोणत्या तारखेला, कुणी, का अडवला' हा प्रश्न फुकट विचारता येतो.

गुण द्यायचेच तर धान्याला पाचात साडेतीन, तक्रारीच्या खिडकीला एक. तो एकही 1967 चा नंबर लागतो म्हणून.