दोर किती, हे विचारायचं राहूनच गेलं

जुलैतला रविवार, पहाटेचे पावणेसहा. दादर पूर्वेला स्वामीनारायण मंदिरासमोर आम्ही सहा जण उभे होतो. पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कोरडे कपडे आणि शलाकाच्या आईनं पहाटे चारला उठून केलेल्या दशम्या. सहाला मिनी बस येणार होती. तीच पुढे सायन, घाटकोपर, तीन हात नाका करत कसाऱ्याजवळच्या विहीगावला जाणार आणि तिथल्या धबधब्यावरून आम्ही दोरानं खाली उतरणार, असा बेत.

साडेसहा झाले तरी बसचा पत्ता नाही. फोन आधी 'व्यस्त', मग बंद. आमच्यापासून चार हातांवर एक काका आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा तसेच सॅक लावून उभे होते. इतका वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो, पण विचारत नव्हतो. शेवटी काकाच म्हणाले, "तुम्हीपण विहीगाव का?" तो प्रश्न ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग पुलाखाली उभे असलेले प्रभादेवीचे तिघेही आले. एकूण अकरा जण आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तोच नंबर.

झालं होतं असं. इन्स्टावर एक पान दिसलं. फोटो अस्सल होते: कोसळणारं पाणी, कमरेला हार्नेसचे पट्टे लावलेली मुलं, केशरी हेल्मेट घातलेला दणकट प्रशिक्षक. फॉलोअर्सही हजारोंनी. 'आज रात्री बारापर्यंत भरलं तर माणशी 1,299, उद्यापासून 1,699.' फोन केला तर पलीकडचा मुलगा इतकं गोड बोलला की काय सांगू! "ताई, तुम्ही फक्त या, बाकी आमच्यावर सोडा." चहा-नाश्ता, जेवण, कपडे बदलायला जागा, व्हिडिओ, सगळं त्याला पाठ होतं. मीही तेवढंच विचारलं. नाश्त्याला पोहे की उपमा हे विचारलं आणि शंभर-सव्वाशे फूट ज्याच्या भरवशावर लोंबकळणार, त्या दोराबद्दल एक अक्षर काढलं नाही. सहा जणांचे 7,794 रुपये माझ्या खात्यातून गेले. पैसे पाठवताना स्क्रीनवर समोरच्याचं नाव आलं ते कुठल्याशा किराणा दुकानाचं. मी दिवसभर लोकांची बिलं तपासते, पगार त्याचाच मिळतो. तरी ते नाव बघून पुढे गेले, कारण बाराला वीस मिनिटं उरली होती.

दादरहून घरी परतावं असं मला वाटत होतं. पण मंदार म्हणाला, बस नाही तर नाही, कदाचित ते तिथे थेट भेटतील. आशा वेडी असते. कसारा लोकल पकडली, दोन-सव्वादोन तास दशम्या खात गेलो आणि पुढे जीप केली. काका आणि त्यांचा मुलगाही आमच्याबरोबर आले. प्रभादेवीवाले शहाणे, ते घरी गेले.

धबधब्यापाशी पोहोचलो तर समोर केशरी हेल्मेटवाला प्रशिक्षक. फोटोतला तोच! मंदारचा आवाज असा चढला की पाण्याच्या आवाजावरूनही ऐकू जावा. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला. मग त्यानं आपला मोबाइल काढला, त्यांच्या ग्रुपचं खरं पान उघडलं आणि आमच्या पानाशेजारी धरलं. नावात एका टिंबाचा फरक. फोटो त्यांचेच, मजकूर त्यांचाच, मागच्या वर्षीच्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्यांच्याच. "या पावसाळ्यात माझ्या अंगावर ओरडणारे तुम्ही पहिले नाही," तो म्हणाला. मंदारनं हात जोडले.

आम्ही तिथल्या तिथे रोख पैसे देऊ केले, आम्हाला घ्याच म्हणून. त्यानं चक्क नाही म्हटलं. नोंद नाही, आजाराची माहिती भरून घेतलेली नाही, विमा नाही, आणि दुपारी वर पाऊस वाढला तर आहे ती बॅचही थांबवावी लागेल. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, ज्याला पैसे नाकारता येतात त्याच्याच हातात दोर द्यावा.

तासभर आम्ही नुसते बघत बसलो, आणि त्या दिवशी जे काही पदरात पडलं ते त्या तासात. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन दोर होते. एक मुख्य, जो हार्नेसला अडकवलेल्या आठच्या आकड्यासारख्या डिसेंडरमधून जातो आणि ज्यावर माणूस स्वतः खाली सरकतो. दुसरा बिलेचा, ज्याचं टोक वरच्या वेगळ्या माणसाच्या ताब्यात. खालच्याचा हात सुटला, पाण्याचा लोट तोंडावर आला, घाबरून तो गोठला, तर हा दुसरा दोर त्याला धरतो. दोन्ही दोरांचे आधार वेगळे. कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीला, फिरवून बंद करायची खीळ, आणि ती बंद आहे ना हे एकानं बघितल्यावर दुसरा परत हात लावून बघत होता. धबधब्यावर हे जास्तच गरजेचं, कारण शेवाळावर पाय ठरत नाही आणि पाण्याच्या आवाजात वरच्याचं खाली ऐकू येत नाही. त्यांचं सगळं हाताच्या खुणांवर चाललं होतं.

परत निघालो तर थोडं पुढे रस्त्यालगत एक पोरगा आडवा आला. "पाचशे रुपये, लगेच उतरवतो." त्याची जागा बघितली. लहानसा धबधबा, तीस-चाळीस फूट असेल. झाडाच्या बुंध्याला बांधलेला एकच दोर, खडकाच्या धारेवर घासत खाली गेलेला, मध्ये गोणपाटाचा तुकडासुद्धा नाही. हेल्मेट सगळ्यांत मिळून एक. काकांचा मुलगा हट्टाला पेटला, अगदी रडकुंडीला आला. काकांचा हात खिशाकडे गेलाही होता. मंदारनं त्या पोराला विचारलं, "बिले कोण देणार?" तो म्हणाला, "ते पैसे वेगळे नाहीत, पाचशेतच सगळं." काकांनी हात खिशातून बाहेर काढला आणि मुलाच्या खांद्यावर ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर 'पैसे पाण्यात गेले, आम्ही मात्र पाण्यात उतरलोच नाही' एवढ्या विनोदावर निभावलं असतं. पण त्याच रात्री अकराला त्या भामट्यानं बनवलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. बस घाटात बंद पडली, ड्रायव्हर दवाखान्यात, मनापासून माफी, सगळ्यांचे पैसे परत करतोय. सोबत क्यूआर कोड. 'स्कॅन करून रक्कम टाका आणि पिन दाबा, पैसे खात्यात जमा होतील.' मी झोपले होते. शलाकाला वाटलं, माझे पैसे परत आणून मला सकाळी चकित करावं. तिनं 7,794 टाकले, पिन दाबला आणि तितकेच आणखी गेले. एकूण 15,588. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ती पहाटे चारला उठली होती आणि समोरचा माफी मागत होता.

सकाळी तिनं रडत फोन केला तेव्हा मी आधी 1930 लावला. सायबर फसवणुकीची ही हेल्पलाइन. तिथे रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, म्हणून फोन करण्याआधी तो समोर काढून ठेवा. आणि सकाळची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच उपयोग, आणि मधली सात-आठ तासांची रात्र आम्ही फुकट घालवली होती. ग्रुपमधून कोणी रागानं बाहेर पडू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. आम्ही दोघी बाहेर पडलो होतो, मग काकांकडून सगळं मागवावं लागलं. शलाकाच्या रकमेतले काही पैसे एका खात्यात गोठले आहेत असं कळलंय. माझे मात्र गेले ते गेलेच.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "नोंदणी बघितली होती का?" राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 पासून आहे आणि आयोजकानं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, हे मला तिथल्या बाकावर बसून कळलं. पण खरं सांगू, नोंदणीचा कागद काय, त्याचाही फोटो चोरता येतोच. त्यामुळे मी आता फोनवर पहिला प्रश्न वेगळाच विचारते.

मागच्या आठवड्यात तसंच एक पान परत दिसलं. नाव नवं, केशरी हेल्मेट तेच. मैत्रिणीच्या नंबरवरून फोन लावला. तोच गोड आवाज. नाश्त्याचं विचारलंच नाही. म्हटलं, "एका माणसाला दोर किती लावता?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "जितकी माणसं तितके दोर, ताई. तुम्ही किती जण आहात?"