सव्वा फेरी स्क्रू, 1315 डॉलर

हे लिहायला मला वर्ष लागलं. लिहायचं म्हणजे चारचौघांत स्वतःला गाढव म्हणवून घ्यायचं, आणि मी काही अगदीच गाढव नाही. बावीस वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर आहे, कारखान्यात पुरवठादाराचा माल तपासून नापास करणं हाच माझा धंदा आहे. तरीही एका गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाने, मला 1315 डॉलरना धुतलं. रुपयांत हिशेब करू नका, मी एकदा केला आणि रात्रभर झोप नाही लागली.

माझी रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनची 629 आहे. .44 मॅग्नम, सहा इंची बॅरल, स्टेनलेस, 1990च्या दशकातली. ह्यूस्टनला आल्यावर बरीच वर्षं एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो. त्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक जवळ बाळगणंच गुन्हा, त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत नुसतं दुकानाच्या काचेतून बघत होतो. इथल्या नव्या आपल्या मंडळींनी हे आधी लक्षात ठेवा, कारण मित्राची बंदूक 'जरा हातात घेऊन बघतो' म्हणणारे बरेच भेटतात. कार्ड आल्यावर 2018 मध्ये परवानाधारक दुकानातून 925 डॉलरना ही जुनी 629 घेतली. 4473 नावाचा बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरला, पार्श्वभूमीची चौकशी झाली, सगळं रीतसर. कारण विचाराल तर एका सहकाऱ्याचं रँच आहे आणि तिथे रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. 2019 पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पण खरं सांगू? डुकरं हे निमित्त. पुण्यात काका .32च्या परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजवताना मी लहानपणी पाहिलेत. हौस तिथली आहे.

हौसेलाच भोक असतं, आणि हा गृहस्थ बरोबर त्या भोकातून आत आला. भोकाचं पुढे सांगतोच.

दुहेरी अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा हाताने मागे न ओढता नुसता चाप दाबून मारायचं म्हटलं, तर कंपनीची 629 साधारण 12 पाउंड जोर मागते. माझ्या मनगटाला ते जड जायचं, तिसऱ्या गोळीला निशाण हलायचं. एका गन शोमध्ये हा माणूस भेटला. दुसऱ्या राज्यातला, पन्नाशीचा, बोलायला अत्यंत साधा. टेबलावर त्याने काम केलेल्या दोन रिव्हॉल्व्हर होत्या आणि त्यांचे चाप खरोखर लोण्यासारखे होते. ते काम त्यानेच केलं होतं कशावरून, हे मी विचारलं नाही. पहिली चूक ही.

मी त्याचा परवाना तपासला, हे मात्र लिहून ठेवा. एटीएफ म्हणजे बंदूक व्यावसायिकांना परवाने देणारी केंद्रीय संस्था. तिच्या ईझी चेक वेबसाइटवर परवाना क्रमांकातले पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की परवाना चालू आहे की नाही ते कळतं. चालू होता. नाव बरोबर, पत्ता बरोबर. लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे खोटं दुकान, खोटी वेबसाइट, फोटोतली बंदूक कधी येतच नाही. तो प्रकार तुम्हाला माहीत आहेच, मलाही माहीत होता, आणि तेवढंच तपासून मी निश्चिंत झालो. इथे परवाना खरा, दुकान खरं, माणूस खरा. काम तेवढं खोटं.

त्याने यादी दिली: अ‍ॅक्शन जॉब (आतले भाग घासून चाप हलका करणं) 325, फोर्सिंग कोन (बॅरलचं सिलिंडरकडचं तोंड) 11 अंशांत कापून पॉलिश 140, सिलिंडरचा एंडशेक काढणं 95, चेंबरच्या (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकांच्या) कडा चॅम्फर करणं, म्हणजे तिरप्या घासणं 80, पुढची साइट (नेम धरायचं टोक) काढून सोन्याच्या टिकलीची बसवणं 165, बॅरलच्या पुढच्या तोंडाचं क्राउन, म्हणजे कड नीट करणं 75. एकूण 880. आता पुन्हा वाचा ही यादी. साइट सोडली तर यातलं एकही काम ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी नीट पारखता येत नाही. एंडशेक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल, ती फीलर गेज लावल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे फीलर गेज आहेत. एक सोडून तीन संच आहेत! बंदूक पाठवण्याआधी बॅरल आणि सिलिंडरमधली फट मोजून कागदावर लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. नाही मोजली. ऑफिसात लोकांना 'मोजमाप कुठंय?' म्हणून फैलावर घेणारा मी, नाही मोजली.

पैसे कसे द्यायचे? कार्डावर चार टक्के जास्त, म्हणाला, बंदुकीच्या धंद्याला कार्डवाले असंच लुबाडतात. झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने दे. म्हणजे मी वाचवले 35 डॉलर 20 सेंट. कार्डाने दिले असते तर नंतर वाद घालता आला असता, पैसे परत मागता आले असते. झेलने गेले की गेले. त्या पस्तीस डॉलर वीस सेंटची आठवण आमच्या घरात आता भाजी घेतानाही निघते.

मार्च 2022 मध्ये 440 आगाऊ दिले. इथल्या दुकानदारामार्फत बंदूक पाठवायचे 65 वेगळे. 'बारा आठवडे' म्हणाला होता. जून गेला, जुलै गेला. फोन केला की माणूस गोड. आईचं आजारपण, मग मशीन बंद, मग पुन्हा आई. माझीही आई तिकडे एकटीच असते, त्यामुळे मी पाघळलो. त्यालाच विचारत बसलो की आई कशी आहे.

सप्टेंबरमध्ये ईमेल आली. हँड (सिलिंडर फिरवणारा भाग) आणि सिलिंडर स्टॉप (त्याला जागेवर अडवणारा भाग) झिजलेत, बदलावे लागतील, सुट्या भागांचे 275. सोबत पुरावा म्हणून फोटो.

आता हा फोटो. हिरव्या मॅटवर रिव्हॉल्व्हर, डावी बाजू वर, मूठ काढलेली, सिलिंडर बाहेर उघडलेलं. शेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडलेले. रविवार होता, मी पोहे खाता खाता फोन बायकोपुढे धरला, बघ म्हटलं, आपली 629 ऑपरेशन टेबलवर. तिने बघितलं आणि विचारलं, "हे भोक कसलं? आपलीला होतं का?"

सिलिंडर उघडायचा खटका असतो ना, त्याच्या बरोबर वर, फ्रेममध्ये, ज्वारीच्या दाण्याएवढं गोल भोक. ते कुलपाचं भोक. 2001 मध्ये सॅफ-टी-हॅमर नावाच्या कंपनीने स्मिथ अँड वेसन विकत घेतली आणि त्यानंतर त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चावीने लागणारं आतलं कुलूप आलं. शौकीन लोक त्या भोकाला नावं ठेवतात, जुन्या बिनभोकाच्या बंदुकीला जास्त पैसे मोजतात. मीही मोजले होते. 'बिनकुलपाची आहे' हे मी सहकाऱ्याला किमान दहा वेळा ऐकवलेलं. आणि मी बायकोला काय सांगितलं? "अगं, ते भोक नाही, लाइट पडलाय."

लाइट पडलाय! मी तो फोटो नंतर किती वेळा मोठा करून बघितला असेल. भोकाच्या आत स्पष्ट अंधार आहे. लाइट काळा पडतो का कधी? दुसऱ्याच कुणाची तरी बंदूक होती ती, दुसऱ्याच कुठला तरी फोटो. तिला दिसलं, जिने ती बंदूक तिजोरीतून दोनदा पाहिली असेल. मला दिसलं नाही, कारण सहा महिने वाट बघितल्यावर माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. माझी बाजू इतकीच, आणि मला ती पटते, बायकोला पटत नाही. त्याच दुपारी 275 पाठवले.

(फोटो मागाल तेव्हा सीरियल नंबर आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी एकाच फोटोत मागा. आणि बदललेले जुने भाग परत मागा. जो 'फेकून दिले' म्हणतो त्याला पुढचा पैसा देऊ नका.)

एप्रिल 2023 मध्ये उरलेले 440 आणि परतीच्या विमायुक्त पार्सलचे 95 घेतल्यावर बंदूक घरी आली. गनस्मिथ दुरुस्तीची बंदूक थेट मालकाला पाठवू शकतो, ते कायद्यात बसतं. खोका उघडला, रिकामी असल्याची खात्री करून चाप दाबला. अहाहा. आठ पाउंडही नसेल. एक वर्षाचा राग पाच सेकंदांत गेला आणि मी, सांगायला लाज वाटते, तिथल्या तिथे त्याला पाच तारे देऊन टाकले. सोबत चार ओळींचं कौतुकही. 'वाट बघण्याचं सार्थक झालं' असं लिहिलं. खोक्यात माझ्या लाकडी मुठी नव्हत्या, त्याजागी रबरी होत्या, तेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. लाकडी मुठी फोनवर म्हणे 'शोधतो'.

त्या शनिवारी रेंजवर गेलो. 18 राउंड भरले, त्यातले 5 फुटलेच नाहीत. घोडा पडतो, टक, आणि काही नाही. अशा वेळी नळी समोरच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं असतं, काडतूस उशिरा पेटू शकतं. पाच वेळा तीस सेकंद मोजत उभा राहिलो. बाजूच्या लेनवाला हसून बघत होता. बाहेर काढलेल्या काडतुसांच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी घोड्याचा ठोका बसून पेटणाऱ्या भागावर, नखाच्या ओरखड्याएवढी खूण. डुकरासमोर उभा असतो तर?

आमच्या भागात एक म्हातारे गनस्मिथ आहेत, आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं, पण ते 'आठ पाउंड करून देतो' असं म्हणत नव्हते ना. त्यांनी मूठ काढली आणि मुठीच्या पुढच्या पट्टीवर खालच्या बाजूला असलेल्या स्क्रूकडे बोट दाखवलं. हा स्क्रू मुख्य स्प्रिंगला ताण देतो. स्क्रूड्रायव्हर लावला, सव्वा फेरी आवळला. "आता दाब," म्हणाले. दाबला. पुन्हा तेच 12 पाउंड. स्क्रू ढिला केला की चाप हलका लागतो आणि घोडा मरगळलेला पडतो. सव्वा फेरी म्हणजे माझा 325 डॉलरचा अ‍ॅक्शन जॉब.

मग त्यांनी बाजूच्या प्लेटचे स्क्रू काढले आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने फ्रेमवर टकटक करून प्लेट सैल केली. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायची नसते, कड वाकते. प्लेट निघाली. आत सगळीकडे जुनं तेल, चिक्कीच्या पाकासारखं घट्ट, पिवळं. कुणी वर्षानुवर्षं ती प्लेट उघडलेलीच नव्हती. हँड आणि स्टॉप मूळचेच, म्हाताऱ्यांच्या मते उत्तम अवस्थेत. चेंबरच्या कडा कारखान्यातून आल्या तशाच. आणि पुढच्या साइटची सोन्याची टिकली? त्यांनी अंगठ्याचं नख लावलं, सोनेरी रंगाचा पापुद्रा निघून टेबलावर पडला. खाली मूळची लाल पट्टी. त्यांनी माझ्याकडून तपासणीचे 40 डॉलर घेतले. ते 1315 मध्ये धरलेले नाहीत.

आता आपल्या मायबाप यंत्रणा.

बँक: झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या मंजुरीने गेले, आमचा संबंध नाही. इथले पोलीस: तो दुसऱ्या राज्यात आहे, तिकडे फोन करा. तिकडच्या शेरीफच्या कार्यालयात चार वेळा बोललो. पहिल्या तीन वेळा ज्याच्याशी बोलायचं तो रजेवर. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, "बंदूक परत मिळाली ना?" मिळाली म्हटलं. "मग चोरी कुठली? हा दिवाणी मामला." मी म्हटलं मूठ चोरली. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, बहुधा हसू दाबत असाव्यात. आणि मूठ तुमचीच कशावरून? इथे टेक्सासमध्ये बंदुकीचीच नोंदणी नसते, 4473 दुकानदाराकडे राहतो, तर मुठीचा पुरावा कुठून आणू? खोक्यावरच्या लेबलवर बंदुकीचा सीरियल नंबर असतो, मुठीचा नसतो. (खोका आणि पावती जपा. फेकू नका.)

एटीएफ: आम्ही परवाना आणि नोंदवह्या बघतो, कामाचा दर्जा नाही. नोंदवहीत तुमची बंदूक आली-गेली असं लिहिलंय का? लिहिलं असणारच, तेवढं तो चोख करत असणार. एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांचं तक्रार केंद्र: फॉर्म भरला, तक्रार क्रमांक आला, त्यानंतर शांतता. मी फोटोतल्या भोकावर लाल वर्तुळ काढून, 2001 साल लिहून, माझ्या बंदुकीचा बिनभोकाचा फोटो शेजारी लावून पाठवला होता. कुणी उघडला असेल असं वाटत नाही.

स्मॉल क्लेम्स न्यायालयात जायचं तर तो राहतो तिथे. विमान, हॉटेल, दोन दिवसांची रजा. मी बेरीज केली आणि वही मिटली. हे लोक छोट्या रकमांत आणि लांबच्या गिऱ्हाइकांत का खेळतात ते तेव्हा कळलं. म्हणून काम द्यायचं तर गाडीने जाता येईल अशा माणसाला द्या.

शेवटचा दरवाजा त्याच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचा ग्राहक विभाग. त्यांनी खरंच पत्र पाठवलं त्याला, आणि त्याने खरंच उत्तर दिलं. त्याची प्रत मला आली. दोन ओळी: ग्राहक पूर्ण समाधानी होता, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे माझे पाच तारे. 'वाट बघण्याचं सार्थक झालं.' मी ते बदलायला गेलो तर मुदत संपलेली.

गेल्या आठवड्यात एका विक्रीच्या पानावर लाकडी मुठींचा जोड दिसला. उजव्या पट्टीवर खाली, स्क्रूच्या शेजारी, अर्ध्या चंद्राच्या आकाराची खोच आहे. ती खोच 2019 मध्ये रँचच्या फाटकावर आपटून माझ्या हातून पडलेली. किंमत 145 डॉलर, पाठवणावळ वेगळी. मी विक्रेत्याला दुसऱ्या नावाने मेसेज टाकलाय, 120ला देतो का विचारलंय. पैसे कार्डाने देईन म्हटलंय. अजून उत्तर नाही.