आठ महिने आणि एक पावसाळा: माझं व्हायोलिन

मार्चमध्ये मडगावच्या एका दुकानातून साडेनऊ हजारांना घेतलं. गज, वाद्य ठेवायची पेटी आणि गजाला लावायच्या राळेच्या वडीसकट. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मध्ये फोंड्याचा पावसाळा गेला.

आवाज खालच्या दोन तारांवर भरीव आहे. सगळ्यात बारीक तार मात्र किंचाळायची. सोबत आलेल्या तारा काढून बाराशेच्या नव्या चढवल्यावर निम्मं किंचाळणं गेलं. उरलेलं माझ्या हाताचं. पार्से गावच्या व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं की ते लगेच कळतं.

खरी रड खुंट्यांची. लाकडाच्या भोकात लाकडी खुंटी, ती फक्त घर्षणावर टिकते. आम्ही भजनवाले गाणाऱ्याच्या सुराप्रमाणे सा-प-सा-प लावतो, त्यामुळे खुंट्या सतत पिळाव्या लागतात. बारीक जुळवणीचा स्क्रू एकाच तारेला. जुलैत चारही फुगून अशा अडकल्या की सूर चढेना, उतरेना. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "सगळ्या तारा सैल सोडा आणि खुंट्या काढून पुसा." कशाबशा उपसल्या. तारांखालची घोडी आडवी झाली आणि पोटात काहीतरी खुळखुळलं.

शेजारचे अंकल लहानपणी चर्चच्या शाळेत वाजवायला शिकलेले. पूर्वी त्यांना मी ऐटीत सांगितलं होतं की 'व्हियोला'च्या घराण्यातलं वाद्य शिकतोय, तर त्यांनी विचारलं, "गिटार?" पोर्तुगालात व्हियोला म्हणजे गिटारच! इटालियनमध्ये मात्र ते गजाचं वाद्य, आणि 'व्हायोलिनो' म्हणजे छोटी व्हियोला. आपलं व्हायोलिन त्यावरून आलं. पेटी उघडून दाखवल्यावर अंकल हसले, "रेबेक मरे!" आमच्याकडे व्हायोलिनला रेबेकच म्हणतात. हा शब्द अरबी रबाबवरून युरोपात गेला आणि पोर्तुगिजांबरोबर आमच्या अंगणात उतरला.

तर त्या दिवशी वाद्य कानाशी हलवून ते म्हणाले, "आल्मा पडली." पोर्तुगीजमध्ये आल्मा म्हणजे आत्मा. आत पेन्सिलीएवढी काठी असते, वरची आणि खालची पाटी यांच्यामध्ये उभी, गोंद नाही, नुसत्या दाबावर. तारांचा ताण गेला की ती निसटू शकते. म्हणून एका वेळी एकच तार काढायची असते, हे दुकानदाराने सांगायला नको? अंकलच्या ओळखीच्या एका कारागिराने वरच्या पाटीतल्या फटीतून वाकडी सळई घालून तीनशे रुपयांत ती उभी केली. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा झाला, म्हणजे दुकानातूनच ती जरा सरकलेली असावी.

चवथीला आरतीत वाजवलं. घुमट या मातीच्या ढोलांपुढे कुणाला ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर खुंट्या दुकानातच फिरवून बघा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झालं की गजाचे केस ढिले करा. माझ्या खुंट्या आता थंडीत उलट घसरायला लागल्यात. सध्या खडू लावून चालवतोय.