डिझाइनची सिमेंट लादी: हॉलला झकास, किचनला नको म्हणजे नकोच

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात हॉलला आणि ओटीला हाताने बनवलेली डिझाइनची सिमेंट लादी टाकून झाली, वापरही चालू आहे, तर ज्यांना जुन्या वाड्यासारखी फरशी हवीये त्यांच्यासाठी लिहितेय. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डागांपायी.

आधी शोरूमचं सांगते. बडोद्यात कुठल्याही टाइल्सच्या दुकानात जाऊन जुनं डिझाइन मागा, समोर मोरबीच्या कारखान्यातली 2 बाय 2 फुटाची प्रिंटेड जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेली टाइल) येते, नाव मोरोक्कन. एका टाइलवर 9 छोट्या लाद्या छापलेल्या, आणि वर कहर म्हणजे मधले सांधेसुद्धा छापलेलेच! कॅटलॉगमध्ये मस्त दिसते, पण चार-सहा पीस जमिनीवर मांडायला लावा आणि उभं राहून बघा, छापलेली रेघ एक आणि खरा सांधा दुसराच दिसतो, शिवाय मुद्दाम छापलेला 'झिजलेला' डाग तिथल्या तिथेच पुन्हा पुन्हा येतो. एकदा नजरेत आलं की मग तेच दिसत राहतं. दुकानदार म्हणे, "बेन, आमां कंई जोवानुं नहीं, पोतुं मारो ने पत्युं." (ताई, यात काही बघायचंच नाही, पोछा मारा की झालं.) त्यात काही खोटं नाही, म्हणूनच किचनला तीच घेतली, मॅट फिनिशमध्ये.

सिमेंट लादीचा प्रकारच वेगळा. 8 बाय 8 इंच, जाडी पाऊण इंचाच्या आसपास, भट्टीत भाजत नाहीत. साच्यात धातूची जाळी ठेवून एकेका खणात पळीने रंग ओततात (पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग), जाळी उचलतात, मागून सिमेंट-वाळू भरून प्रेसखाली दाबतात, मग पाणी देऊन पक्की करतात. तुटका तुकडा कडेने बघितला तर दुपदरी बर्फीसारखा रंगाचा थर वेगळा दिसतो, तीन-चार मिलीमीटर तरी असेल, त्यामुळे वर्षानुवर्षं पाय घासले तरी डिझाइन पुसलं जात नाही. हे तंत्र 19व्या शतकातलं, फ्रान्सकडचं, आपल्याकडे मुंबईची भारत टाइल्स 1922 पासून बनवतेय. तमिळनाडूतली आत्तंगुडीची लादी याचीच बहीण, फक्त ती काचेवर ओततात म्हणून वरून आपोआप गुळगुळीत येते. रंगात मी लाल, काळा आणि मळकट पिवळा घेतला, हे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हाला दाद देत नाहीत, आणि ओटीवर दुपारचं ऊन केवढं येतं ते बडोदेकरांना सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॉर्डर. जुन्या घरांतली फरशी डोळ्यात भरते ती मधल्या फुलांमुळे नाही, चौकटीमुळे, आणि दुकानात नेमकं त्याबद्दल कोणी बोलत नाही. मधे डिझाइन, भोवती बॉर्डर, कोपऱ्याला कोपऱ्याचीच वेगळी लादी, आणि बॉर्डर ते भिंत यात एक-दोन ओळी प्लेन. या प्लेन ओळी सोडायच्याच, कारण जुन्या घराच्या भिंती कधी काटकोनात नसतात, काप काय जायचा तो साध्या लादीत जातो आणि नक्षी अख्खी राहते. आधी कोरडी मांडून बघायची, मधून सुरुवात करून.

कडिया (लादी बसवणारा गवंडी) निवडताना जपून. व्हिट्रिफाइडवाले हातोड्याने ठोकतात, ही तशी ठोकली तर केसासारखी चीर जाते. ग्राउट (सांध्यांत भरायचा माल) भरायच्या आधी सीलरचा (डाग मुरू नयेत म्हणून लावायच्या द्रवाचा) एक हात, नाहीतर ग्राउट लादीच्या अंगात मुरतं. आणि शेवटच्या सफाईला ॲसिड अजिबात नाही! आमच्याकडे बाटली उघडलीच होती, सासूबाई धावल्या म्हणून वाचलो, ॲसिड सिमेंटच खातं ना.

त्याच कारणाने किचनला नको. लिंबू, चिंच, दही, काहीही सांडलं की फिकट डाग. आमच्या हॉलमध्ये आमरसाच्या वाटीचा एक गोल उमटलाय, वाटी उचलायला उशीर झाला एवढंच, सीलर असूनही. हळदीचं तर बोलायलाच नको.

वजनही बघा, एक लादी पावणेदोन किलोच्या घरात म्हणजे चौरस फुटाला चार किलो, त्यात खालचा माल वेगळा. माडीला लाकडी तुळया असतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर चढवू नका. तळमजल्यावर ओल असेल (विश्वामित्रीकाठच्या लोकांनी ऑगस्ट 2024 आठवावं) तर आधी ओलीचा बंदोबस्त, नाहीतर पांढरा खार वर येत राहतो.

खर्च वाहतुकीसकट मोरबीच्या टाइलच्या जवळपास तिप्पट गेला. गाडीतून उतरवताना कोपरे टवके उडालेल्या बऱ्याच निघाल्या, दुकानदाराने बदलून द्यायला खूप रखडवलं. म्हणून दहा टक्के जास्तच मागवा आणि उरलेल्या फेकू नका, पुढच्या लॉटचा लाल या लालशी जुळेलच असं नाही.